माझ्याकडं चालतंय की

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वहिनीनं तिचा फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "बघ तुझ्या कंपनीचं काम. ये ये म्हणतंय आणि आत घेत न्हाय."

फोनवर आमच्या ऑफिसनं बनवलेला शाळाप्रवेशाचा फॉर्म उघडा होता. 'गावाचे नाव, मराठीत' असा एक रकाना होता आणि त्यात तिला येळ्ळूर लिहायचं होतं. तिनं माझ्यासमोर पुन्हा सुरुवात केली. ये लिहिला, ठीक. ळ दाबला तर रकान्यात उमटलं 'येयेळ'. अर्ध्या अक्षराची खूण दाबली तर 'येयेळयेळ्'. आणखी एक ळ दाबला तर 'येयेळयेळ्येळ्ळ'. एकेका दाबासरशी गाव लांबत चाललं होतं. तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी रकान्याखाली लाल अक्षरांत ओळ आली: 'कृपया योग्य नाव भरा.'

माझं डोकं त्या 'कृपया'वर फिरलं. आपल्याच यंत्राची चूक, आणि योग्य नाव कोणतं ते येळ्ळूरच्या सुनेला शिकवायचं.

वहिनी मूळची सदलग्याची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, लग्नानंतर आमच्या गावी आली. तिच्या मुलीला, माझ्या भाचीला, या वर्षी पहिलीत घालायचं होतं. बेळगाव शहराच्या आमच्या बाजूच्या कडेला एका शिक्षणसंस्थेची शाळा आहे. एकाच इमारतीत मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम. संस्थेनं या वर्षीपासून प्रवेश ऑनलाईन केले होते आणि फळ्यावर सूचना लावली होती की महिनाअखेरपर्यंत पुरेसे अर्ज आले तरच पहिलीचा मराठी वर्ग उघडेल, नाहीतर ती खोली इंग्रजीच्या वाढीव तुकडीला देण्यात येईल. इंग्रजीचे अर्ज भराभर येत होते. मराठीचे येत नव्हते. गावात सगळे म्हणत होते की काय करायचं, पालकांनाच मराठी नको झालंय.

भाचीनं मराठीत शिकावं असं वहिनीला वाटत होतं, आणि त्याचं कारण तिनं एकदाच, भाकरी थापता थापता सांगितलं होतं. "पोरीचा अभ्यास मला घेता आला पायजे. इंग्रजीत घातली की दुसरीतच ती मला म्हणणार, तुला काय कळतंय." एवढंच. माझ्या भावाची दोन्हीला हरकत नव्हती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून तो पाळी संपवून घरी येतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. अभ्यास घेणार वहिनीच.

मला हे कारण ऐकून आधी थोडं कमी वाटलं होतं, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील, आप्पा, सीमाचळवळीत गावातली पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या घड्या घालता घालता. 'जाहीर आवाहन', 'बंधू-भगिनींनो', 'तीव्र निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी येत होते. आप्पांच्या पत्रकांत भाषेसाठी नेहमी मोठी कारणं असत. अस्मिता असायची, रक्त असायचं, पिढ्या असायच्या. आईला मुलीचा अभ्यास घेता यावा, असं एकाही पत्रकात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. आप्पांची एक गोष्ट मात्र अशी होती की छापखान्यातून कच्चा कागद आला की ते आधी गावाचं नाव बघत. छापणाऱ्यानं एक ळ गाळून 'येळूर' केलं असेल, तर बाकी सगळं बरोबर असलं तरी कागद परत जायचा.

वहिनीनं स्वतःहून एक वाट शोधली होती. तिनं गावाचं नाव मेसेजमध्ये लिहून मलाच पाठवलं होतं, मग तिथून उचलून रकान्यात आणून चिकटवलं. अक्षरं बरोबर आली. पण खालचं 'पुढे जा' हे बटण राखाडीच राहिलं, दाबलं तरी दबेना. "हे बघ," ती म्हणाली, "आता बरोबर लिवलं तर दारच उघडंना." शेजारच्या गल्लीतल्या दोघी तिच्याकडं फोन घेऊन येऊन गेल्या होत्या, त्यांचंही असंच. एकीनं कंटाळून त्याच फॉर्मवर इंग्रजी माध्यमावर टिचकी मारली होती. तिथं मराठी नावाचा रकानाच नव्हता. एका दमात भरून झाला.

तेव्हा मला कळलं की मराठीचे अर्ज का येत नाहीत.

*

सोमवारी ऑफिसला गेले. आमचं ऑफिस उद्यमबागेजवळ एका सुट्या भागांच्या दुकानाच्या वर आहे. कारखान्यांच्या हजेरीची, मालाची सॉफ्टवेअरं आम्ही करतो, अधूनमधून संस्थांच्या वेबसाईटी. हा फॉर्म आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसानं केला होता, ज्याला सगळे अण्णा म्हणतात. अण्णा निपाणीचा, माणूस मोकळा आणि चेष्टेखोर, पण हातातलं काम झालं की त्याकडं मागं वळून बघायचं नाही, अशी त्याची शिस्त.

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉप पुढं ओढला, रकान्यात 'येळ्ळूर' लिहिलं, आणि ते स्वच्छ उमटलं. बटणही पेटलं. त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

"माझ्याकडं चालतंय की."

या तीन शब्दांवर मला एक पुस्तक लिहिता येईल. आमच्या भागात 'चालतंय की' हे होकाराला म्हणतात, निरोपाला म्हणतात, माफीलाही म्हणतात. रस्ता खचला, चालतंय की. पाटीवर नाव चुकलं, चालतंय की. आणि आमच्या धंद्यात त्याला दुसरा अर्थही चिकटला आहे: यंत्र चालतंय, म्हणजे काम संपलं. दोन्ही अर्थ एका माणसाच्या तोंडात एकत्र आले की त्याला हलवणं कठीण.

मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्यानं ये लिहिला, ळ लिहिला, आणि गाव वाढायला लागलं. त्यानं फोन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "कीबोर्ड बदलायला सांग त्यास्नी."

मी विचारलं, कुणाकुणाला सांगू? गावात प्रत्येकाच्या फोनवर वेगळा कीबोर्ड आहे, वेगळा ब्राउझर आहे. घरोघरी जाऊन कीबोर्ड बदलू का?

"पत्रक काढ की," तो म्हणाला. "तुमच्यात चालतंय ते." बाकीचे हसले. मी हसले नाही.

कंपनीच्या मालकांनी, आमच्या सरांनी, आतल्या खोलीतून ऐकलं होतं. ते दारात आले आणि त्यांनी अडचण एका वाक्यात सोडवली: मराठीचा रकानाच काढून टाका, इंग्रजीत नाव घ्या, इंग्रजीला कुठं काही होत नाही. पोरगं शाळेत आल्यावर मास्तर लिहून घेतील मराठीत.

सर वाईट माणूस नाहीत. पण हे वाक्य मी लहानपणापासून निरनिराळ्या खिडक्यांवर ऐकत आले आहे. अर्ज मराठीत? सध्या असाच द्या, नंतर बघू. ते 'नंतर' अजून आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि हे वाक्य आजवर पलीकडच्या माणसाच्या तोंडून आलं की आम्ही त्याला अन्याय म्हणायचो. आज ते मराठी सर मराठी शाळेच्या मराठी माध्यमाच्या फॉर्मबद्दल मराठीतच बोलत होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बैलहोंगलकडची एक मुलगी बसते. घरी कन्नड, आमच्याशी मराठी आणि हिंदीची मिसळ. फॉर्मवर सरकारी नोंदीसाठी कन्नड नावाचाही एक रकाना होता, सक्तीचा नसलेला. तिनं स्वतःचा फोन काढला, त्यात कन्नडमध्ये बेळगावी लिहायला घेतलं, आणि फोन माझ्यापुढं सरकवला. बेबेळबेळगा आणि पुढं असंच, तिच्या लिपीत.

"नमदू अष्टे," ती म्हणाली. आमचंही तेवढंच.

पाट्यांवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यासाठी आमच्या गावांनी काय काय भोगलं ते मला पाठ आहे. तिच्या गावानंही काहीतरी पाठ केलं असणार, उलट बाजूचं. आणि इथं त्या दोन्ही भाषांना एकाच फॉर्मबाहेर एकसारखं ताटकळत ठेवलं होतं, आणि मधून तिसरीला वाट होती. फॉर्म करणाऱ्याच्या मनात वैर नव्हतं हे मला आणखी चीड आणणारं होतं. वैर असतं तर भांडता आलं असतं. त्यानं फक्त इंग्रजीत लिहून बघितलं, मग लॅपटॉपवर एकदा मराठीत, आणि हात झटकले.

*

काय होत होतं ते सांगते. फॉर्ममागं अण्णानं लिहिलेली जी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, होती, तिला साफसफाईचं वेड होतं. रकान्यात कुणी एक अक्षर लिहिलं की ती सगळा मजकूर उचलायची, नको ती चिन्हं काढायची, रकाना रिकामा करायची आणि स्वच्छ मजकूर पुन्हा भरायची. दर अक्षराला हेच. लॅपटॉपच्या कीबोर्डवरून येणारं अक्षर पुरं झालेलं असतं, त्यामुळं तिथं कुणाला काही कळायचं नाही. फोनवरचा कीबोर्ड मात्र शब्द हातात धरून ठेवतो. आपण ये लिहिला तरी तो म्हणतो, थांबा, अजून जुळणी चालू आहे, पुढं मात्रा येईल, जोडाक्षर येईल. त्याच्या हातात ये असतानाच स्क्रिप्ट रकाना पुसून स्वतःचा ये भरते. कीबोर्डला हे कुणी सांगत नाही. पुढचा ळ आला की तो आपल्या हातातलं अख्खं 'येळ' खाली ठेवतो, आधीच्या ये शेजारी. आपण बोलताना समोरच्यानं दर अक्षराला आपलं तोंड पुसावं, तसं. मग माणूस अडखळतो आणि त्यालाच म्हणायचं की तुला नीट बोलता येत नाही.

बटणाची कथा वेगळी. ते कीबोर्डची कळ दाबून वर उचलली जाण्याची वाट बघत बसलेलं. चिकटवलेल्या मजकुराला कळ नसते. ब्राउझरनं आपणहून भरलेल्या जुन्या पत्त्याला कळ नसते. फोनच्या काही कीबोर्डांवर तर कळीची खरी खबर येतच नाही, येतो तो एक ठोकळ्यासारखा आकडा, प्रत्येक अक्षराला तोच.

अण्णाच्या हे थोडं तरी ध्यानात आलं असावं, कारण स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्यानं ब्राउझरला त्याचं नाव विचारलं होतं. अमुक असशील तर असं कर, तमुक असशील तर तसं. हे बघून तर मी खुर्चीतून उठले. ब्राउझर आपलं नाव खरं सांगत नाहीत, आणि का सांगावं? नाव विचारून ज्याला दारातून परत पाठवतात तो पुढच्या वेळी दुसऱ्याचं नाव सांगतो. आमच्याकडं माणसं समोरच्याचा चेहरा बघून बेळगाव म्हणायचं की बेळगावी ते ठरवतात. नाव विचारायचंच नाही. तुला काय काय येतं, एवढं विचारायचं आणि त्यावर भागवायचं. मी हे ऑफिसात जरा मोठ्यानं बोलले. अण्णा म्हणाला, "भाषण झालं की सांग, चहा मागवतो."

सरांनी फॉर्मला हात लावायला परवानगी दिली नाही. संस्थेनं मंजूर केलेलं आहे, चालू आहे, बदल हवा तर संस्थेनं म्हणायला पाहिजे. मी म्हटलं, मग संस्थेला विचारू.

*

संस्थेच्या सचिवांना मी लहानपणापासून ओळखत होते, पण समोरासमोर कधी भेटले नव्हते. आप्पांच्या पत्रकांच्या तळाशी ज्या नावांची रांग असे, त्यातलं एक त्यांचं होतं. मातृभाषेवर ते सभांमधून बोलत, आणि छान बोलत. मी लहान असताना आप्पांच्या खांद्यावर बसून त्यांचं भाषण ऐकलेलं आहे.

सर आणि मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी कुणाची मुलगी ते कळल्यावर त्यांनी आप्पांची चौकशी केली, चहा सांगितला. मी अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, इंग्रजीत भरून घ्या, सोपं पडेल. आणि खरं सांगायचं तर अर्जच येत नाहीत, पालकांचीच इच्छा उरलेली नाही, तिथं रकाना दुरुस्त करून काय होणार.

मी त्यांना विनंती केली की तुमच्याच फोनवर तुमच्या गावाचं नाव भरून बघा.

त्यांचा फोन महागडा. त्यातला ब्राउझर वेगळ्या वळणाचा, तिथं अक्षरं दुप्पट झाली नाहीत. सचिवांनी समाधानानं माझ्याकडं पाहिलं. पण मधली एक वेलांटी चुकली होती. ती सुधारायला ते मागं गेले, वेलांटी पुसली, नवीन लिहिली, तर ती मधे न बसता शब्दाच्या शेवटी जाऊन पडली. स्क्रिप्टनं रकाना पुन्हा भरला की त्या ब्राउझरमध्ये कर्सर उडी मारून टोकाला जातो. ते पुन्हा मागं गेले, पुन्हा टोकाला फेकले गेले. चष्मा वर केला, फोन जवळ धरला. मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडं फोन देत म्हणाले, "तू भर रे एवढं." आणि माझ्याकडं वळून, "मी सवयीनं इंग्रजीतच भरतो ना, त्यामुळं."

मी त्या खोलीत जे बोलले ते घरून ठरवून आणलेलं नव्हतं.

"तुमच्या नावाच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले," मी म्हणाले. "त्यात लिहिलेलं असायचं, मुलं मराठी शाळेत घाला. बायका दुपारचं काम टाकून फोन घेऊन बसल्यात घालायला. तुमचं दार त्यांना ढकलता येत नाही. आणि तुम्ही आतून म्हणताय, कुणी आलंच नाही."

सर माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला तिथंच कामावरून काढलं असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. शिपायानं फोन परत टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "बसंना साहेब ते."

सचिवांनी फोन उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, दुरुस्त करा. पण तारीख वाढणार नाही. ठराव झालेला आहे.

बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी मी एकटाच येईन.

*

दुरुस्ती अवघड नव्हती, तेच तर संतापजनक होतं. मी साफसफाईची सगळी घाई काढून टाकली. माणूस लिहीत असताना रकान्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम. लिहून झालं, तो रकाना सोडून पुढं गेला, की मग बघायचं, आणि काही चुकलं असेल तर काय चुकलं ते साध्या मराठीत सांगायचं. 'योग्य नाव भरा' हे वाक्य मी पहिल्यांदा पुसलं. बटण कायम उघडं ठेवलं. तपासायचं ते दाबल्यावर.

पण ब्राउझरांची एकेक खोड होतीच. 'जुळणी संपली' अशी एक खबर ब्राउझर देतो आणि 'मजकूर बदलला' अशी दुसरी. एकात पहिली आधी येते, दुसऱ्यात दुसरी आधी. एकाच्या भरवशावर राहिलं की दुसऱ्यात घसरतं. हे मला पुस्तकातून समजलं नसतं. त्यासाठी फोन लागत होते, निरनिराळे, जुने, काच तडकलेले, आणि ऑफिसात सगळ्यांचे फोन नवे.

ते मला खाली चहाच्या गाड्यावर मिळाले. पाळी बदलताना फाउंड्रीतली माणसं तिथं थांबतात, कुणी बसची वाट बघत, कुणी मोटरसायकलला टेकून. मी सांगितलं की मी वरच्या ऑफिसातली, शाळेच्या फॉर्ममध्ये तुमच्या गावाचं नाव लिहून दाखवा. पहिला संशयानं म्हणाला, "ओटीपी बिटीपी न्हाय न्हवं?" दुसरा त्याला म्हणाला, "तुझ्या खात्यात काय हाय रं चोरायला." मग मात्र फोन पुढं यायला लागले. वाळूनं काळी झालेली बोटं काचेवर गावं लिहीत होती. कुणी लिहून झाल्यावर रिकामी जागा दाबेपर्यंत त्याचा कीबोर्ड शब्द सोडत नव्हता. म्हणजे 'जुळणी संपली' ही खबर तिथं कधी कधी येतच नाही, तिची वाट बघण्यात अर्थ नाही. एकाचा ब्राउझर स्वतःला भलत्याच ब्राउझरचं नाव सांगत होता. मी वर जाऊन बदल करायचे, खाली येऊन पुन्हा लिहून घ्यायचे.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला अण्णा माझ्याबरोबर खाली उतरला. स्वतःच्या पैशानं दोघांना चहा पाजला आणि त्यांचे फोन मागून घेतले. एका म्हाताऱ्या कामगाराच्या फोनवर 'येळ्ळूर' एका दमात उमटलं तेव्हा अण्णा म्हणाला, "आता ह्याच्याकडं बी चालतंय." ती त्याची माफी असावी. मी ती तशीच घेतली, पण राग गेला नाही.

*

फॉर्म सुधारला, हे गावाला कोण सांगणार? ज्यांनी एकदा दार ढकलून बघितलं आणि उघडलं नाही, ती माणसं पुन्हा कशाला येतील? अण्णानं चेष्टेत सांगितलं होतं तेच मी केलं. पत्रक काढलं.

लिहिताना माझी सगळी जुनी भाषा धावून आली. षड्‌यंत्र आलं, गळचेपी आली, धिक्कार आला. मी ते आप्पांपुढं ठेवलं. आप्पांना आता कमी दिसतं, पण ते पेन घेऊनच वाचतात. त्यांनी षड्‌यंत्र खोडलं. धिक्कार खोडला. मग विचारलं, "ह्यात मागणी काय हाय?"

मी म्हटलं, मागणी नाही आप्पा. फॉर्म आता नीट झालाय, परत एकदा भरा, एवढंच.

"मग एवढंच लिव," ते म्हणाले.

खाली कुणाची नावं घालायची, हा प्रश्न आला. आप्पांनी सवयीनं सचिवांचं नाव सांगितलं. मी केबिनमधली गोष्ट त्यांना सांगितली नव्हती, ती तेव्हा सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि पत्रकाच्या तळाशी एक आडवी रेघ मारली. तिथं कुणाचंच नाव नको.

कागदावर शेवटी चार ओळी राहिल्या. फॉर्ममधला बिघाड काढला आहे. मराठीत नाव लिहिता येतं. ज्यांचा भरला गेला नव्हता त्यांनी पुन्हा भरावा. अडल्यास अमक्या घरी या, आणि आमच्या घराची खूण. कच्चा कागद आला तेव्हा आप्पांनी आधी गावाचं नाव बघितलं.

वाटायला वहिनी आणि मी गेलो. मी प्रत्येक दारात दुरुस्तीची हकीकत सांगायला लागायचे, आणि वहिनी मला कोपरानं ढकलून बाईचा फोन हातात घ्यायची. "लिव तुझ्या पोराचं नाव. हां. आता गाव. बघ, गप बसलंय न्हवं." माझी हकीकत कुणालाच नको होती. एकीनं विचारलं, मराठीत घालून पुढं काय हुणार पोराचं? वहिनी म्हणाली, "पुढचं पुढं. पयलीचा अभ्यास तरी तू घेशील का न्हाय?" ती बाई फोन आणायला आत गेली.

जी आधी कंटाळून इंग्रजीवर टिचकी मारून बसली होती, तिनं अर्ज बदलला नाही. तिनं स्पष्ट सांगितलं की आता मन तिकडं लागलंय. मला तिचा राग आला नाही. ज्यांनी तिला त्या टिचकीपर्यंत आणून सोडलं त्यांचा आला, आणि अजून येतो.

*

महिनाअखेरपर्यंत पुरेसे अर्ज आले आणि पहिलीचा मराठी वर्ग उघडला. सचिवांनी कुठल्यातरी कार्यक्रमात सांगितलं म्हणे की समाजाची भाषानिष्ठा अजून जिवंत आहे. मी ते संस्थेच्या पत्रकात छापलेलं वाचलं आणि पत्रकाची होडी करून भाचीला दिली.

शाळेच्या पहिल्या दिवशी भाचीला सोडायला वहिनीबरोबर मीही गेले. व्हरांड्यात वर्गाची यादी लावली होती, प्लास्टिकच्या पाकिटात. नाव आणि गाव. भाचीचं नाव सापडलं आणि त्यापुढं गाव: 'येयेळ्ळूर'. खाली आणखी दोघांपुढं तसंच. फॉर्म अर्धवट सोडला तरी त्याची नोंद मागं राहत असे. आमच्या दुरुस्तीच्या आधी ज्यांनी धडपडून अर्धवट भरलेलं होतं, त्यांचं गाव शाळेच्या ऑफिसनं त्या जुन्या नोंदीतून जसंच्या तसं छापलं होतं.

मी कारकुनाकडं गेले. त्यानं यादी बघितली, हसला, आणि म्हणाला, "एवढ्यानं काय हुतंय ताई. कळतंय की गाव कुठलं ते. चालतंय की."

माझ्या तोंडात आप्पांच्या सगळ्या पत्रकांची भाषा एकदम गोळा झाली होती. पण मी बोलायच्या आत वहिनी पुढं झाली. भाचीचा हात तिच्या हातात होता.

"चालत न्हाय," ती म्हणाली. "माझी पोर ह्या भिंतीवरनं वाचायला शिकणार हाय. नवीन काढा."

त्यानं सांगितलं की दुपारी काढतो, साहेब आल्यावर. वहिनी म्हणाली, आम्हाला घाई नाही. भाचीला वर्गात बसवून ती परत आली आणि ऑफिससमोरच्या बाकावर बसली. मीही बसले. आतून वर्गाचा गलका येत होता. थोड्या वेळानं कारकुनानं दारातून आम्हाला एकदा पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि संगणक चालू केला. आम्ही छापायच्या यंत्राचा आवाज येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.